सलग तीन डाव

अण्णांना मी आयुष्यात पहिल्यांदा बुद्धिबळात हरवलं, त्या रविवारी भवानी पेठेतून जुळे सोलापूरला पोचेपर्यंत मी स्कूटीवर मोठमोठ्यानं गाणं म्हणत होते. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं, तरी थांबले नाही. दुसऱ्यांदा हरवलं तेव्हा गाणंबिणं काही सुचलं नाही. आणि तिसऱ्या डावाचा रविवार जवळ आला तसा मला घास गिळवेना.

कारण सांगते. आई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. वय एकोणऐंशी. भाऊ पुण्यात. मी जुळे सोलापुरात, फ्लॅटमध्ये. आणि मी मुळात घोर लावून घेणारी बाई. घरातून निघाले की गॅस बंद केला का बघायला निम्म्या जिन्यातून परत वर जाणारी. अण्णांनी दोनदा फोन उचलला नाही की मला ते न्हाणीत पडलेलेच दिसायचे. मग कॉलेजच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून भवानी पेठेत पळायचं, तर हे शेजारच्या कट्ट्यावर बसून टॉवेलच्या मागावर चर्चा करतायत. वर मलाच विचारायचे, "आज सुट्टी हाय का गं?"

"अण्णा, माझ्याकडं या की राहायला," हे मी दर रविवारी म्हणायची.

"तुझ्या त्या खुराड्यात येऊन करू काय? कबुतरं मोजू?" हे ते दर रविवारी म्हणायचे.

शेवटी वैतागून एका रविवारी म्हणाले, "असं कर. मला सलग तीन डाव हरीव. त्या दिवशी गाठोडं बांधतो. तवर ह्यो विषय बंद."

म्हणजे झालं की! चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी एक डाव जिंकले नव्हते. अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की कुठं बिघडला ते शोधून दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. वीस मागांच्या खडखडाटात उभं राहून कुठला माग आजारी आहे ते कानानं सांगायचे. बुद्धिबळात पण तसंच. माझ्या मनात काय चाललंय ते मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. पट मांडायचा तो उंबऱ्यापाशी, सकाळचं ऊन आत येतं तिथं. नऊ ते अकरा. मोहऱ्याला हात लागला की तेच चालवायचं. शह आणि मात तोंडानं मोठ्यानं म्हणायचं. आणि सगळ्यात कडक नियम, मुद्दाम हरायचं नाही. मी आठ वर्षांची असताना रडून गोंधळ घातला तरी त्यांनी मला एक डाव सोडला नाही. आई चिडली, तर म्हणाले, "मुद्दाम हरायचं म्हंजे समोरच्याला भीक घालायची. माझ्या पोरीला मी भीक घालू व्हय?"

पण अट घातली ती घातली, आणि अण्णा शब्दाला पक्के. मी म्हटलं, ठीक आहे. बघतेच.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, पंचविशीची. हॉलमध्ये पोरांना बुद्धिबळ शिकवते. मी जाऊन म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, "काकू, नातवासाठी का?" मला नातू नाही, मी एक्कावन्न वर्षांची आहे, हे तिला सांगावं लागलं. पहिल्याच दिवशी तिनं मला दोन वेण्यांच्या एका नऊ वर्षांच्या पोरीसमोर बसवलं. पोरीनं बाराव्या चालीला माझा वजीर उचलला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "आजी, होतं असं." घरी येऊन मी भाकरी थापताना इतकी आपटली की खालच्यांनी वर बघितलं असेल.

त्या मुलीनं आधी मोबाईलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव बंद करायला लावले. "त्यानं बोटं सुधारतात काकू, डोकं नाही. आठवड्यातून एकच डाव खेळा, पण तासभर बसून." मग म्हणाली, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसा. मला वाटलं गंमत करते. गंमत नव्हती. मोहरं दिसलं की माझा हात आधी जायचा आणि विचार मागून यायचा. हात मांडीखाली असला की तेवढ्यात तीन प्रश्न विचारून होतात: शह देता येतो का? काही मारता येतं का? आणि समोरच्यानं आत्ता ही चाल का केली? तिसरा प्रश्न मी चाळीस वर्षांत कधी विचारलाच नव्हता. मी आपली माझाच बेत रेटत बसायची. हे तीन प्रश्न कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले. नवऱ्यानं वाचून विचारलं, "काही मारता येतं का, हे माझ्यासाठी आहे का?"

सुरुवातीच्या चाली पाठ करायच्या नाहीत म्हणाली. त्याऐवजी शेवटाकडून शिका. पटावर फक्त दोन राजे आणि एक प्यादं उरलं तर काय करायचं, ते आधी झोपेत पण आलं पाहिजे. कोडी सोडवायची तर रोज नवीन नकोत. तीसच घ्या, आणि पाढ्यासारखी परत परत करा, बघितल्याबरोबर उत्तर दिसेपर्यंत. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ती कोडी करायची. भात कितीदा तरी गचका झाला.

आणि वही. प्रत्येक डाव लिहायचा. हरला तर आधी स्वतः बसून शोधायचं, डाव कुठं फिरला. मोबाईलला सगळ्यात शेवटी विचारायचं. "आणि काकू, चूक दिसते तिथं ती झालेली नसते. दोन-चार चाली मागं जाऊन बघा."

मी वही घेऊन भवानी पेठेत गेले, तर अण्णा म्हणाले, "बुद्धिबळ खेळतीस का पंचनामा करतीस?"

दीड वर्ष मी पंचनामा केला. हरत होते, पण आता का हरले ते सांगता येत होतं. अण्णा पण एखाद्या चालीला मान हलवून "हां!" म्हणायला लागले होते. तो "हां" मी घरी येऊन नवऱ्याला करून दाखवायची. आणि मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो रविवार आला. मोहरी सगळी कटली. माझ्याकडं एक प्यादं जास्त. मी घाईनं प्यादं रेटलं नाही. राजा पुढं काढला, त्यांच्या राजाच्या समोर आणून उभा केला, वाट अडवली, मग प्यादं शेवटच्या रांगेत नेऊन वजीर केला आणि त्यानं त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला. अण्णांनी पट एकदा नीट तपासला. मग म्हणाले, "म्हण की."

"मात," मी म्हटलं. आवाज चिरकला माझा.

"एक झाला," ते म्हणाले आणि उठून चहा टाकायला गेले. पाठ वळली तेव्हा हसत होते, मी बघितलं.

पुढच्या रविवारी मी परत जिंकले. पण कसं? माझा उंट त्यांच्या घोड्यावर सरळ रोखलेला होता. आडून नाही, लपून नाही. दोन वेण्यांच्या पोरीला पण दिसला असता. अण्णांनी भलतीकडंच प्यादं चालवलं. मी घोडा मारला. पुढं तसाच त्यांचा हत्ती गेला. मी "मात" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "आज ऊन डोळ्यावर येतंय." आणि निघताना मला स्कूटीच्या टायरमधली हवा बघायला सांगितलं. आल्याआल्याही तेच सांगितलं होतं.

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता दोनदा तर मी पण सांगते, कुणीही सांगतं. पण घरी येऊन मी वही काढली आणि एकेक डाव मोबाईलमध्ये घालत बसले. सहा महिन्यांपूर्वी मी जशी खेळत होते त्यापेक्षा आता बरीच बरी खेळत होते, यात शंका नाही. पण गेल्या काही डावांत अण्णाही काही साध्या चुका करत होते. मग मी जिंकले ते माझं डोकं चढलं म्हणून, का त्यांचं उतरलं म्हणून? मी वर त्या मुलीकडं वही घेऊन गेले. ती बिचारी म्हणाली, "काकू, तुमची प्रगती खूप छान आहे." मला रडूच आलं. तिला वाटलं, आनंदानं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं मग झालंच ना काम! अजून एक डाव, की आण त्यांना."

"अरे पण त्यांना काही झालं असेल तर?"

"तर मग आणायलाच पाहिजे. दोन्हीकडून तेच."

दोन्हीकडून तेच कसं, ते काही मला पटेना. मला अण्णा माझ्या घरी हवे होते, पण असे नको होते. हरून, चिडून, "तुझ्या त्या पंचनाम्यानं घात केला" म्हणत आलेले अण्णा हवे होते. आठवडाभर माझा जीव टांगणीला. ऑफिसात मार्कलिस्टवर मार्कलिस्ट उलट्या लावल्या. रात्रीचा गॅस तीन-तीनदा बघितला. आणि शुक्रवारपर्यंत मी ठरवून टाकलं की तिसरा डाव हरायचा. मुद्दाम. एकदा हरलं की मोजणी परत पहिल्यापासून सुरू होईल. वर्षभर तरी सुटका.

रविवारी पट उंबऱ्यापाशी मांडलेला होताच. अण्णा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसलेले. शब्द दिलेला माणूस, तयारीनं बसला होता. ते बघून मला आणखीच कसंतरी झालं.

मी वीसेक चाली नीट खेळले. मग माझा हत्ती उचलला आणि त्यांच्या वजिराच्या तोंडात नेऊन ठेवला. बिनजोर. मागं राखणीला एक प्यादं सुद्धा नाही. ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

अण्णांनी पट बघितला. हत्तीकडं पण बघितलं. मग उंट चालवला, दुसऱ्याच बाजूला.

मी म्हटलं, दिसला नसेल, उन्हामुळं. पुढच्या चालीला मी हत्ती हलवला नाही. एक बिनकामाचं प्यादं सरकवलं. घ्या ना अण्णा. घ्या की. त्यांनी राजा एक घर बाजूला घेतला. मी आणखी एक प्यादं सरकवलं. बाहेरून चादरीचे गठ्ठे लादलेली हातगाडी गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत अण्णा पटावर वाकून होते. मी नखं मांडीत रुतवून बसले होते.

मग त्यांचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. बोट माझ्या हत्तीवर टेकलं.

"ह्यो कवापास्नं हितं हाय?"

मी हत्तीवरून नजर काढून पायरीकडं बघितलं.

"तीन चाली झाल्या," ते म्हणाले. "बिनजोर. तू मुद्दाम सोडलास."

"नाही अण्णा, चुकून..."

"ताकाला जाऊन भांडं का लपवतीस? तुझे हात बघ कुटं हायत." त्यांचा आवाज चढला. "मला भीक घालतीस? ह्या उंबऱ्यावर?"

मी मान खाली घातली. आठ वर्षांची असताना घालायची तशीच. त्यांनी हत्तीवरचं बोट उचललं. मग आवाज उतरला त्यांचा, आणि ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"आन् मी घेतला न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, आता उठतील, चहा टाकतील, उन्हाचं काहीतरी सांगतील. तसं झालं असतं तर मीही हो म्हटलं असतं. पण ते म्हणाले, "वही काढ तुझी."

"कशाला आता?"

"कापडात दोष दिसतोय ती जागा येगळी, आन् माग बिघडला ती जागा येगळी. मागं जायला लागतंय. काढ. बघू कवापास्नं बिघडलंय."

"अण्णा, राहू द्या ना. वयानं होतं असं."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय? काढ म्हणतो न्हवं."

मी वही काढली. हातातला डाव तसाच पटावर ठेवून आम्ही एकेक पान मागं जायला लागलो. मी चाली वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. डोळे मिटून! पट न बघता. "हां. मग मी उंट काढला आसंल." काढलेला असायचा. त्या वेळी मला वाटलं, काही झालेलं नाही यांना, उगीच घोर लावून घेतला मी. आणि पुढच्याच पानावर ते म्हणायचे, "ही चाल माझी न्हाई. मी आशी खेळत न्हाई." चाल त्यांचीच असायची.

असं करत संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारपाशी पोचलो. तो डाव अण्णा जिंकले होते. त्यांचं प्यादं माझ्या शेवटच्या रांगेत पोचलं होतं. तिथं कुणीही वजीर घेतो. आणि मी वहीत लिहिलं होतं, 'घोडा घेतला', पुढं प्रश्नचिन्ह.

ते वाचताना मला आठवलं. त्या दिवशी मी हसले होते. मला वाटलं, मला डिवचतायत, तुला हरवायला वजीर कशाला, घोडा बास. ते पण हसले होते, माझं बघून.

अण्णांनी डोळे उघडले. "घोड्याच्या घरात पोचलं व्हतं का?"

"हो."

"आमच्या लहानपणी तसं व्हतं. प्यादं ज्या घरात पोचंल त्या घरचं मोहरं घ्यायचं. हत्तीच्या घरात हत्ती. घोड्याच्या घरात घोडा. माझ्या बापानं तसं शिकवलं मला." थोडं थांबून म्हणाले, "पण ते मी कवाच सोडलं. तू शाळेतनं नवे नियम शिकून आलीस, तवापास्नं. चाळीस वर्षं झाली की."

"तुम्ही गंमत केली असेल."

"न्हाई," ते म्हणाले. "मला आठवतंय. घोडा ठेवला आन् वाटलं, ही का हसाय लागली? म्हणून मी बी हसलो."

वहीत मी स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि पान उलटलं होतं. दीड वर्ष मी 'समोरच्यानं ही चाल का केली' हे घोकत होते, फ्रिजला चिकटवून. आणि जिथं विचारायला पाहिजे होतं तिथं हसले.

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि पुढची पानं चाळली. माझ्या पहिल्या विजयाचा डाव काढला. मी म्हटलं, नको, तो नको. पण त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "वाच."

मी वाचला. ते परत डोळे मिटून. शेवटी राजा-प्याद्यापर्यंत आलो, मी राजा कसा पुढं काढला, कसा समोर उभा केला. ते प्रत्येक चालीला थांबून मनात काहीतरी तपासत होते, नट आवळून बघावं तसं. मग म्हणाले, "हितं माझं काय चुकलं न्हाई."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी शाबूत व्हतो. तू मारलंस मला. ह्यो डाव तुझा." आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "गेल्या रविवारचा तेवढा धरू नगंस."

"मग अट पुरी नाही झाली, अण्णा. एकच झाला." मी घाईघाईनं म्हटलं. "तुम्ही इथंच राहा. डॉक्टरला दाखवू, मी रोज येत जाईन सकाळी. गॅसचं काहीतरी करू. शेजारच्या वहिनींना सांगते..."

"डाव संपव," ते म्हणाले.

"आं?"

"मांडलेला डाव हाय न्हवं ह्यो? पुरा कर. आन् आता खरं खेळ. भीक नगं."

त्यांनी माझा हत्ती उचलून परत माझ्या घरात ठेवला, जिथून मी तो सोडला होता तिथंच. जागा बरोबर आठवली त्यांना. मग त्यांनी चाल केली. मी हात मांडीखालून काढले. मला दिसत होतं, सहा-सात चालींत मात होती. दिसायला नको होती, पण त्या तीस कोड्यांतलंच एक होतं ते, बघितल्याबरोबर उत्तर दिसेपर्यंत घोटलेलं. मी खेळले. प्रत्येक चालीला वाटत होतं, हे काहीतरी काढतील, पूर्वी काढायचे तसं, आणि मी सपाटून हरेन. त्यांनी काही काढलं नाही. शेवटच्या चालीला वजीर ठेवला आणि गप्प बसले. नियम होता, पण तोंडातून शब्द फुटेना.

अण्णांनी पटावरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ वाट बघितली. मग स्वतःच म्हणाले, "मात." हळूच म्हणाले, पण नियमाप्रमाणं तोंडानं म्हणाले.

ऊन तोवर उंबऱ्यावरून सरकून पायरीवर गेलं होतं. ते मोहरी एकेक करून डब्यात भरायला लागले, आधी प्यादी, मग बाकीची. मध्येच हातातला घोडा धरून थांबले.

"तुझ्या त्या घरात," त्यांनी विचारलं, "सकाळचं ऊन कुटल्या खिडकीत येतंय?"

अकरा वर्षं राहतेय मी त्या घरात. मला सांगता आलं नाही.